नऊशे लिटरची टाकी

बुलढाणा,
१२ जानेवारी १९६८

ती. बाबांना चांगुणाचा नमस्कार.

मायची कंबर आता कशी आहे? थंडी इकडं फार आहे. तुम्ही पाठवलेली तूरडाळ मिळाली.

एक बातमी द्यायची आहे. यांनी वकीलसाहेबांच्या मोटारीवरची नोकरी सोडली. तुम्हाला विचारलं नाही म्हणून रागावू नका, मलाही सोडल्यावरच सांगितलं. आता स्वतःचा धंदा सुरू केला आहे. काचा धुण्याचा. तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण बाबा, इथं जिकडंतिकडं नव्या इमारती उठत आहेत आणि प्रत्येकीला काचेच्या खिडक्या. गवंडी आणि रंगारी काम करून जातात तेव्हा काचांवर चुन्याचे, रंगाचे डाग राहतात. उद्घाटनाच्या आधी ते कुणीतरी काढावे लागतात. नळ तोवर जोडलेला नसतो, म्हणून पाणी आपणच न्यायचं.

त्यासाठी यांनी मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी व्हॅन घेतली. मागची बाजू उघडी करून लोहाराकडून पत्र्याची टाकी बनवून घेतली, नऊशे लिटरची. दोन शिड्या आहेत. कामाला वच्छलाबाई आणि बनाबाई अशा दोघी आहेत. यांच्या अंगात नुसता उत्साह भरला आहे.

मोठं काम आता नांदुऱ्याला मिळालं आहे. तिथल्या एका नव्या गोदामाच्या ऑफिसला एकशे चाळीस तावदानं आहेत. तिकडचं पाणी खारं. त्यानं काच धुतली की वाळल्यावर पांढरे ठिपके उठतात. म्हणून गोडं पाणी इथूनच भरून राजूरचा घाट उतरून न्यायचं. परवा एक खेप करून आले. म्हणाले, "गाडी पुढून इतकी हलकी चालते, जशी झोक्यावर बसल्यावानी वाटते."

तुम्ही पूर्वी एवढी वर्षं लॉरी चालवलीत, म्हणून तुम्हाला आनंद होईल असं वाटलं.

तुमची
चांगुणा

·

सोनाळा,
१७ जानेवारी १९६८

चि. चांगुणाले पुंजाजीचा आशीर्वाद.

तुह्यी माय बरी हाये. तूर निघाली.

धंदा चांगला हाये, मी हसलो नाई. पण झोक्याचं वाचलं आन मले जेवण गेलं नाई. गाडी पुढून हलकी लागते याचा अर्थ मागं वजन लय झालं. पुढची चाकं जमिनीले नुसती टेकून राह्यली. अशा गाडीचं सुकाणू फिरवलं तरी गाडी ऐकाची नाई.

जावईबुवायले इचार, नाई तर तू स्वतः जाऊन पाह्य. गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगानं दोन आकडे लिहेल असतात. एक रिकाम्या गाडीचं वजन, दुसरं भरल्या गाडीचं. दुसऱ्यातून पह्यलं काढलं की जे उरते तेवढंच गाडीनं उचलायचं. त्याच्यात पाणीच नाई, टाकीचा पत्रा, शिड्या, ड्रायव्हर, बाया, सगळं येते. लोक फक्त माल मोजतात आन स्वतःले मोजत नाईत.

पाण्याचा हिशेब सोपा हाये. एक लिटर म्हंजे एक किलो. नऊशे लिटर म्हंजे ज्वारीची नऊ पोती. पोतं ठेवलं तिथं बसून राह्यते, पाणी बसत नाई. ते वळणावर एका अंगाले जाते आन ब्रेक मारला की पुढं येते. टाकी अर्धी असली तर जास्तच.

तर मले हे लिहून पाठव: दारावरचे आकडे काय. टाकी मागच्या चाकाच्या पुढं हाये का मागं. टाकीच्या आत पाणी अडवाले आडवे पत्रे हायेत का. मागचे पाटे, म्हंजे चाकावरच्या स्प्रिंगा, वाकलेले असतात का सरळ झाले. टाकी कशानं बांधली.

लवकर लिही.

पुंजाजी

·

बुलढाणा,
२४ जानेवारी १९६८

ती. बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र यांनी वाचलं. खरं सांगू का, त्यांना आवडलं नाही. म्हणाले, "मामाजीनं बावीस वर्षांपासून बैलं हाकले. ही गाडी लढाईवर गेलेली हाये, तिनं तोफा ओढल्या. तिले पाण्याचं काय वजन?" मग म्हणाले, "मी वकिलाची मोटार हाकत होतो तवा कोणी मले शिकवाले आलं नाई." तुम्ही त्यांना कमी लेखता असं त्यांच्या मनानं घेतलं आहे. पुढचं पत्र लिहाल तर जरा सांभाळून लिहा.

तरी तुम्ही विचारलं ते मी पाहून आले. दारावर रंग उडालेला होता, ओल्या फडक्यानं पुसल्यावर आकडे दिसले. रिकामी गाडी १८५० किलो, भरलेली २६००. टाकी अगदी मागं आहे, निम्मी चाकाच्या मागं येते, कारण तोटी मागून उघडायला सोपी पडते. आत आडवे पत्रे नाहीत, मी झाकण काढून हात घातला. पाटे टाकी भरल्यावर सरळ होतात. टाकी सुंभाच्या दोरानं बांधली आहे.

हिशेब मी पण केला बाबा. गाडीनं साडेसातशे उचलायचं. पाणी नऊशे, पत्रा लोहार म्हणतो सव्वाशेच्या वर, शिड्या-बादल्या, माणसं. सगळं मिळून पावणेतेराशे होतं. यांना दाखवला. म्हणाले, "कागदावर सगळेच ड्रायव्हर."

नांदुऱ्याचं उद्घाटन अकरा फेब्रुवारीला आहे. त्याआधी सगळ्या काचा झाल्या पाहिजेत, म्हणून दोन खेपांत आटपायचं ठरलं आहे. वच्छलाबाई लेकीकडं गेली, तिच्या जागी दुसरं माणूस मिळालं आहे. काळजी करू नका.

मायला सांगा, शाल मिळाली.

चांगुणा

·

सोनाळा,
२९ जानेवारी १९६८

श्री. सहदेवराव जावईबुवा यायले पुंजाजीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या एकट्यासाठी हाये. चांगुणाले दाखवू नका. काऊन ते पुढं समजन.

मी बावीस वर्षांपासून बैल हाकतो हे खरं हाये. त्याच्या आधी मी खामगावच्या एका मालकाची लॉरी चालवत होतो. सरकीच्या तेलाची पिपं जालन्याले न्यायची. माह्यासंगं किसनराव होता, चांगुणाच्या मायचा सख्खा भाऊ. तो गाडीचं मेकॅनिकचं काम पाहे. ब्रेक, चाकं, तेलपाणी सगळं त्याच्या हाती.

सेहेचाळीस सालच्या फाल्गुनात चांगुणाचं बारसं ठरलं होतं. तो मामा आन मी बाप. दोघायले सोनाळ्याले पोहोचायचं होतं. माल दोन खेपांचा होता. दुसरी खेप केली असती तर बारसं हुकलं असतं. मी सगळी पिपं एकाच खेपेत घेतली. गाडीच्या आकड्यापेक्षा किती जास्त होती ते मले तवाही माहीत होतं. मालकानं सांगतलं नव्हतं. मीच घेतली.

देऊळगाव राजाच्या पुढं एक उतार लागते, खाली नाला. उताराच्या मध्यात ब्रेक गरम होऊन धरेनासे झाले. मी कडेले घ्याले पाह्यलं, पिपं पुढं सरकली. गाडी नाल्यात गेली. मी बाहेर फेकला गेलो. किसन पिपायखाली सापडला.

पंचनाम्यात मी सांगतलं, ब्रेक फेल झाले. ते खोटं नव्हतं. पण ब्रेक काऊन फेल झाले ते मले कोणी इचारलं नाई आन मी सांगतलं नाई. ब्रेक पाहाचं काम किसनचं होतं. तवापासून सगळे म्हणतात, किसनरावानं ब्रेक नीट पाह्यले नाईत. त्याच्या घरचे म्हणतात. माही बायको, त्याची बहीण, तीही म्हणते. मी बावीस वर्षं ऐकून घेतो.

त्या दिवसापासून मी सुकाणूले हात लावला नाई.

तुमची ड्रायव्हरी कमी हाये असं मी म्हणत नाई. माही तुमच्यापेक्षा चांगली होती, तरी असं झालं. टाकी काढून टाका. दोनशे लिटरचे झाकणाचे दोन ड्रम घ्या, मागच्या चाकाच्या पुढं उभे ठेवा, काठोकाठ भरा म्हंजे आत पाणी हलत नाई, साखळीनं बांधा. घाट दुसऱ्या गेरात उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाई. खेपा चार होतील. होऊ द्या.

पुंजाजी

·

बुलढाणा,
२० फेब्रुवारी १९६८

ती. बाबांना नमस्कार.

आम्ही दोघं धडधाकट आहोत, हे आधी लिहिते. आता सगळं सांगते.

पहिल्यांदा माझं खोटं. वच्छलाबाई लेकीकडं गेली नव्हती. ती म्हणाली होती, "मले काचा धुवाले सांग, पण त्या गाडीत बसून घाट उतराले सांगू नको." तिच्या जागी मिळालेलं माणूस म्हणजे मीच. तुम्ही चिंता कराल म्हणून लिहिलं नाही.

तुमचं पत्र एक तारखेला आलं. यांनी दारातच उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मी विचारलं, बाबांनी काय लिहिलं? म्हणाले, "खुशाली." त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मला वाटलं तुम्ही काही टोचून लिहिलं असेल.

पाच तारखेला, सोमवारी, सकाळी आम्ही निघालो. टाकी भरलेली होती. पुढं हे, मी आणि बनाबाई. घाट लागला तेव्हा यांनी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. दुसऱ्या वळणावर समोरून एसटी आली. यांनी ब्रेक मारला. गाडी हळू झाली पण पाणी थांबलं नाही बाबा. ते मागून आलं आणि आमच्या पाठीशी धाडकन आवाज झाला. दोर तुटला होता. टाकी सरकून आमच्या मागच्या पत्र्याला लागली. जळक्या रबरासारखा वास सुटला. यांनी दोनदा ब्रेक दाबला, पाय तळापर्यंत गेला. एसटी कशी निसटली ते मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते. यांनी गेर खाली पाडला आणि डाव्या अंगाची चाकं डोंगराकडच्या नालीत घातली. गाडी नालीला घासत घासत थांबली.

आम्ही उतरलो. बनाबाईनं कुणी न सांगता चाकांखाली दगड लावले. हे रस्त्याच्या कडेला बसले. विडी काढली आणि न पेटवताच टाकून दिली. मग खिशातून तुमचं पत्र काढलं आणि माझ्याकडं दिलं. म्हणाले, "वाच. मी चार दिवसांपासून हे खिशात घेऊन फिरून राह्यलो. वाचलं होतं, तरी निघालो. तुले घेऊन निघालो."

मी ते तिथंच वाचलं. तुम्ही नको म्हटलं होतं तरी वाचलं.

मग मीच उठून टाकीची तोटी उघडली. अर्धा तास पाणी रस्त्यानं खाली वाहत होतं. मोळ्या घेऊन दोन बाया चढून येत होत्या. एक म्हणाली, "काऊन वो बाई, एवढं चांगलं पाणी सांडून राह्यल्या?" हे म्हणाले, "वजन उतरवून राह्यलो." त्यांनी मोळ्या खाली ठेवल्या, पाणी प्यायल्या, तोंड धुतलं, आणि बनाबाईशी गप्पा मारत बसल्या. मला तेव्हा रडू आलं.

ब्रेक थंड झाल्यावर रिकामी गाडी पहिल्या गेरात खाली नेली. मोताळ्याला मिस्त्रीकडून ब्रेक करून घेतले, टाकी तिथंच उतरवून ठेवली. दोन दिवस त्यात गेले. मग तुम्ही सांगितले तसे दोन ड्रम आणि साखळी. एकशे चाळीसपैकी अठ्ठ्याण्णव तावदानं गोड्या पाण्यानं झाली. उरलेली, मागच्या अंगणाकडची, तिथल्याच खाऱ्या पाण्यानं धुवून लगेच कोरडी पुसली. तरी ठिपके राहिले. गोदामाचा सेक्रेटरी यांना सगळ्यांसमोर बोलला, पुढचं काम दुसऱ्याला देईन म्हणाला. हे खाली मान घालून ऐकून आले. आता इथल्याच एका शाळेचं काम मिळतंय, घाट उतरायची गरज नाही. वच्छलाबाई परत आली.

आता बाबा, तुमचं. माझ्या बारशासाठी हे झालं, हे मला कळू नये असं तुम्हाला वाटत होतं. मला वाईट वाटलं, पण मी बारा दिवसांची होते, मी काही तुम्हाला बोलावलं नव्हतं. मला जास्त वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. आशामामी माझ्या लग्नाला आल्या तेव्हा दोन दिवस मागच्या खोलीत बसून होत्या, कुणात मिसळल्या नाहीत. मी माझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं, "यांच्या नवऱ्यानं ब्रेक पाहिले नव्हते, म्हणून त्या लाजतात." माझ्या तोंडानं सांगितलं होतं.

तुम्ही मायला सांगा. नाहीतर मी येऊन सांगेन, आणि ते तुम्हाला बरं वाटणार नाही.

चांगुणा

बाबांस स. न. — मामाजी, माझी चूक झाली. पहिल्या वेळी मी ऐकलं नाही, तरी तुम्ही मला दुसऱ्यांदा समजावून सांगितलंत, हे माझं नशीब. सहदेव.

·

सोनाळा,
२ मार्च १९६८

चि. चांगुणा आन जावईबुवा, दोघायले आशीर्वाद.

तुमी जिते हा, हे वाचून मी वावरात जाऊन बसलो. दुसरं काही सुचलं नाई.

तुह्या मायले सोमवारी सांगतलं. ती भाकरी थापून राह्यली होती. ऐकून तिनं तवा खाली उतरवला आन बाहेर गेली. त्या दिवसापासून घरात सैपाक होते, गाईचं दूध निघते, पण माह्यासंगं ती एक शब्द बोलली नाई. आज पाच दिवस झाले. मी काही म्हणत नाई. तिचा हक्क हाये.

आज सकाळी एवढंच म्हणाली, "देऊळगावले आशाबाईकडे कवा जायाचं?"

परवाच्या एसटीनं निघतो.

पुंजाजी

·

देऊळगाव राजा,
९ मार्च १९६८

चांगुणा,

हे पत्र तुह्यी माय रुखमाबाई सांगून राह्यली आन तुहा बाप लिहून राह्यला. मले लिहिता येत नाई, नाई तर त्याच्या हातानं लिहिलं नसतं. मी जे सांगन तेच लिहायचं, गाळायचं नाई, असं मी त्याले बजावलं.

बुलढाण्याले एसटी अर्धा घंटा उभी होती. आमी तुह्याकडे उतरलो नाई. उतरलो असतो तर तुह्या बापाले तिथंच चार दिवस राहावं वाटलं असतं.

आशाबाई दारात सरकी निवडत होती. मले पाहून उठली. तुह्या बापानं बसाच्या आधीच सांगाले सुरुवात केली. उभ्यानंच सगळं सांगतलं. पिपं किती होती, किती न्यायची होती, बारसं, उतार, पंचनामा. ती ऐकत राह्यली. मंग तिनं इचारलं, "त्यायनं ब्रेक पाह्यले होते?"

तुहा बाप म्हणाला, "हाव. निघायच्या आधी अर्धा घंटा गाडीखाली होता. बाहेर येऊन म्हणाला ब्रेक ठीक हायेत."

मंग मी इचारलं. एसटीत बसल्यापासून माह्या मनात तेच होतं. म्हटलं, "वजन जास्त हाये हे किसनाले दिसलं नाई? तो काही बोलला नाई?"

तवा तुहा बाप खाली बसला. मंग म्हणाला, "बोलला. म्हणाला, दाजी, चार पिपं उतरवू, उद्या पुन्हा येऊ, बारशाले थोडा उशीर झाला तर रुखमा समजून घेईन. मी म्हटलं, तू गुपचूप बस."

हे त्यानं जावईबुवायलेही लिहिलं नव्हतं. तिथं पह्यल्यांदा सांगतलं. आता स्वतःच्या हातानं लिहून राह्यला.

आशाबाई रडली नाई. तिनं शेजारच्या पोरीले पाठवून आपल्या पोराले, भाऊरावाले, सायकलच्या दुकानातून बोलावलं. तुले आठवत असन, भाऊरावाले ड्रायव्हर व्हायचं होतं. इथल्या मोटारवाल्यायनं त्याले ठेवून घेतलं नाई, म्हणे बापासारखा निष्काळजी निघाला तर? तो आल्यावर आशाबाई तुह्या बापाले म्हणाली, "आता हे याच्यासमोर सांगा." त्यानं सांगतलं. मंग किसनाच्या दोघा चुलतभावायले बोलावलं. "यायच्यासमोर सांगा." सांगतलं. संध्याकाळी मोटारवाल्या मालकाच्या ओट्यावर घेऊन गेली. तिथं दहा माणसं होती. तिथंही सांगतलं. शेवटी त्याचा आवाज बसला. एक म्हातारा म्हणाला, "आता एवढ्या वर्षानं कायले उकरता?" आशाबाई म्हणाली, "तुमी बावीस वर्षं रोज उकरत होते, तवा कोणी इचारलं नाई."

आज पाचवा दिवस हाये. ती तुह्या बापासंगं बोलत नाई. मले चहा देते, त्याले भाऊराव नेऊन देते. जेवाले वाढते, ताटाकडं पाहत नाई. मीही त्याच्यासंगं कामापुरतंच बोलून राह्यली. पुढं काय होईन ते मले माहीत नाई. एवढं माहीत हाये की हा माणूस आता घरी माह्यासमोर मान वर करून जेवन, आन मले ते पाहाले बरं वाटन का वाईट, ते पाहू. मी म्हटलं होतं शनिवारी निघू. तो म्हणते, अजून दोन दिवस राहतो, कोणाले पुन्हा ऐकायचं असन तर मी हाजर पाहिजे.

आमी सोमवारी तुह्याकडे येतो. जावईबुवायले सांग, घाई करू नका.

अजून एक. आज सकाळी मी मोरीत भांडे घासत होती. आशाबाई अंगणात होती. भिंतीपलीकडच्या बाईनं तिले सहज इचारलं, पाहुणे कोण आले म्हणून. आशाबाई म्हणाली, "माही नणंद आली." मंग मोठ्यानं म्हणाली, "आमचे धनी ब्रेक पाहूनच निघाले होते."

सांगणार रुखमाबाई
लिहिणार पुंजाजी